मालेगाव बघा, मालेगाव बघा... अरे किती बघायचं?

पेडगावचा शहाणा: काल इथे एकाने लिहिलं, ‘सिनेमाला पैसा लागत नाही, वेड लागतं. मालेगाव बघा.’ डोकंच सटकलं. मालेगावच्या नासिर शेखने 2000 साली ‘शोले’ची स्थानिक नक्कल, ‘मालेगाव के शोले’, पन्नासेक हजारांत काढली, कबूल. घोडे परवडेनात म्हणून डाकू सायकलींवर आले. पण मग बाकीचा खर्च कुठे गेला? यंत्रमागावर राबणारी माणसं स्वतःची सुट्टी मोडून कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. तो खर्च झालाच, फक्त वहीत चढला नाही. आणि आपण एसीत बसून, बैलगाडीलाच कॅमेऱ्याची क्रेन केली म्हणून कौतुक करतोय. हे गरिबीचं पर्यटन आहे.

रिवाइंड: अहो, सायकलवरचे डाकू हा विनोद त्यांनीच केलाय, तुम्ही नाही शोधलात! मालेगावचे लोक व्हिडिओ पार्लरमध्ये तिकीट काढून बघत होते. आपल्याच गल्लीतला गब्बर बघण्यात मजा आहे, त्यात कीव कुठून आली? ती तुमच्या डोळ्यांत आहे.

बूमधारी: ‘वेड’ हा शब्द माझ्यासमोर काढू नका. एका ‘स्वतंत्र’ दिग्दर्शकासाठी भोरकडे 11 दिवस बूम, म्हणजे माइकचा लांब दांडा, धरला. मानधन? ‘फेस्टिव्हलला नाव होईल.’ जेवण? वडापाव, आणि शेवटच्या दिवशी तोही गार. टायटलला आडनाव चुकवलं ते वेगळंच.

पेडगावचा शहाणा: हेच म्हणतोय ना मी!

रिवाइंड: त्या माणसाचं पाप मालेगावच्या माथी का मारता? अमेरिकन दिग्दर्शक रॉबर्ट रॉड्रिग्जने ‘एल मारियाची’ हा सिनेमा 7 हजार डॉलरच्या आसपास केला. 1992.

बूमधारी: आणि नंतर स्टुडिओने आवाज नि प्रिंटवर त्याच्या कितीतरी पट ओतले, ते कोण सांगणार? चित्र कसंही चालतं हो, आवाज चालत नाही. सुती साडीचा पदर कपड्याला लावलेल्या छोट्या लेपल माइकवर घासला की सगळा संवाद गेला. मग खोलीत गोधड्या टांगून डबिंग.

चहाटळ: गोधड्या चालतात की. आमच्या कॉलेजच्या एकांकिकेचं रेकॉर्डिंग तसंच केलं होतं.

बूमधारी: घुमारा जातो. खालच्या रिक्षाचा हॉर्न नाही जात. कधी हेडफोन लावून बसलायत?

चहाटळ: माइक म्हणजे तुमची जहागीर नाही, एवढं अंगावर येऊ नका.

रिवाइंड: धागा सिनेमाचा होता, गाद्या-गोधड्यांचा नाही.

बूमधारी: आवाज म्हणजे सिनेमा नाही का? याच वृत्तीमुळे आमचे पैसे बुडतात!

पेडगावचा शहाणा: भांडा. मी रात्री फैजा अहमद खानचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’, याच मंडळींच्या शूटिंगवरचा माहितीपट, पुन्हा बघितला. कॅमेरा पाण्यात पडतो तिथे फिस्सकन हसलो, मग त्या मंडळींची तोंडं बघून गप्प झालो. बरं बाबा, पर्यटन हा शब्द मागे. रिवाइंडरावांनी पेढे वाटावेत. पण ‘पैसा लागत नाही’ म्हणणाऱ्याला अजूनही माफी नाही.

रिवाइंड: पेढे कुठले, बजेट नाही. वडापाव चालेल?

बूमधारी: गरम असेल तर. आणि माझं आडनाव अजून चुकीचंच आहे.