गावमंडळानं देऊळ बांधावं की नव्या पोरांसाठी खोली घ्यावी?

देवरुखी
परवा रविवारी आमच्या वाडीच्या मुंबई मंडळाची सभा झाली, नालासोपाऱ्यात, एका शाळेच्या वर्गात. विषय तीन: देवळाच्या जीर्णोद्धाराची पट्टी, शिमग्याला पालखीसाठी कोण कधी निघणार आणि क्रिकेटच्या टीशर्टांचा रंग. यातल्या टीशर्टांवर पाऊण तास गेला. बारावी होऊन नुकतीच आलेली दोन पोरं मागच्या बाकावर मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेली. त्यातला एक गोदामात रात्रपाळीला पार्सलं लावतो. एका खोलीत चौघं, अकरा महिन्यांचा करार संपला की सामान उचलायचं. बाबा, राहतोस कुठे, जेवतोस कुठे, असं त्याला कोणी विचारलं नाही. पट्टी मात्र विचारली.

गिरण्या होत्या तेव्हा लालबाग-परळला गावागावाची खोली असायची. एक पाळीवर गेला की दुसरा त्याच्या वळकटीवर आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, हिशेब पगाराला. गिरणीत माणसं लावणाऱ्या जॉबरकडे शब्द टाकायलाही गाववालाच. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, पुढे गिरण्या गेल्या आणि खोलीचं कामही सुटलं. मंडळ उरलं ते गावाकडे पैसे पाठवायला. माझं म्हणणं एवढंच, की दोन वर्षं देवळाची पट्टी थांबवा आणि वसई-विरारकडे दोन खोल्या भाड्यानं घ्या. सभेत बोललो तर हसले.

ढोलकीवाला
हसले ते बरंच झालं. भाड्याच्या खोलीनं कोणी मुंबईचा होत नाही हो. आमच्या नमनात, म्हणजे कोकणातल्या लोकनाट्यात, एक पोरगा आहे, वर्षभर सोसायट्यांचे जिने चढउतार करून डबे पोचवतो. लिफ्ट असली तरी त्याला जिन्यानंच पाठवतात. त्याचं नाव त्या बिल्डिंगीत कोणाला ठाऊक नाही. तोच नमनाच्या रंगमंचावर कृष्ण होऊन उभा राहिला की पाचव्या रांगेतली म्हातारी शेजारणीला सांगते, हा आमच्या अमक्याचा नातू. शहरात त्याला नातू म्हणणारं दुसरं कोण आहे? आणि देवळाची पट्टी भरली की पालखीला खांदा लावायचा हक्क राहतो, तो काय फुकट मिळतो? शिवाय रात्री दोनला केईएममध्ये रक्त लागलं तर मंडळाच्या ग्रुपवरच मेसेज पडतो, हे धागाकर्त्यांनी सोयीनं गाळलं.

खालचीवाडी
त्या जुन्या खोलीचं किती कौतुक कराल? आमच्या आजोबांना तिथे वळकटी टाकायला मिळाली नसती, आमची खोली वेगळी होती. जॉबर गाववाला म्हणजे जातवालाही. साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, पगार चांगला, पण तुटलेला धागा जोडताना तोंडाला लागतो म्हणून अस्पृश्यांना तिथे मज्जाव. बाबासाहेबांनी 1928 च्या संपात हा प्रश्न लावून धरला, तेव्हा कुठे पुढाऱ्यांना तो ऐकावा लागला.

आणि आजचं बोलायचं तर, रायगड-रत्नागिरीत एखादं घर वाळीत टाकायचं ठरतं, तेव्हा त्या बैठकीला मुंबईकर मंडळी नसतात का? सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड. तो कायदा करावा लागला तो गावकीच्या कर्तबगारीमुळेच. ढोलकीवाले, पालखीच्या खांद्याचा हक्क म्हणालात ना, तो नेमका कोणाकोणाला आहे तेही लिहा.

ढोलकीवाला
आमच्या गावात असलं काही नाही.

खालचीवाडी
आमच्याही गावात विचारलं तर हेच सांगतात.

ओटीभरण
आत्तापर्यंत नुसत्या पोरांबद्दलच चाललंय. माझी आतेबहीण दापोलीकडून नर्सिंगला आली. मंडळानं तिच्यासाठी काय केलं? ती दादरला कोणाबरोबर चहा पिताना दिसली, ही बातमी ती हॉस्टेलवर पोचायच्या आत घरी पोचवली. सभेला बायका नसतातच, आम्हाला हळदीकुंकू आणि वाण. तिला मुंबई शिकवली ती ड्युटीवरच्या केरळी सिस्टरनं: कुठली लोकल पकडायची, कुठल्या बाजूला उतरायचं, वॉर्डात कोणाला घाबरायचं नाही. आज ती बिनधास्त आहे आणि मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर पडली आहे. खोली घेणार असाल तर मुलींसाठी एक घ्या, पण किल्ली कमिटीकडे नको.

पेडणेकर
आम्हा गोंयकारांचं उदाहरण बघा. धोबीतलावच्या जेर महालात कूड आहेत, म्हणजे गावाच्या सामायिक खोल्या, ख्रिस्ती गावांच्या. बोटीवर जाणारा पोर गावाहून येऊन तिथे नाममात्र पैशांत राहायचा, भिंतीला ओळीनं पत्र्याच्या पेट्या, संध्याकाळी गावच्या संताच्या वेदीसमोर सगळ्यांनी रोझरी म्हणायचीच. सक्ती होती आणि गावाबाहेरच्याला, बाईमाणसाला जागा नव्हती. तरी त्या खोल्यांच्या जिवावर कित्येक घरं उभी राहिली. मात्र खोली आली की तिचे नियमही येणार, हे धरून चाला.

पावतीपुस्तक
एक कोरडा मुद्दा. मंडळ धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेलं असेल, तर देवळाच्या नावानं गोळा केलेला पैसा असा मनाला येईल तसा खोलीकडे वळवता येणार नाही. उद्देशात बसतं का ते आधी बघा. आणि पोरांना बॅचलर म्हणून घरमालक दारातूनच परत पाठवतात, करारावर सही कोण करणार?

देवरुखी
सही मी करतो. देवळाचा पैसा देवळाला राहू दे, खोलीसाठी वेगळं पावतीपुस्तक छापू. मुलींच्या खोलीचंही पटलं, किल्ली त्यांच्याकडेच. पुढच्या सभेत ठराव मांडतो.

खालचीवाडी
त्या ठरावात बौद्धवाडीतला पोरगाही त्या खोलीत राहील असं लेखी घाला. सभेत तेवढी ओळ मंजूर झाली की पहिली पावती माझ्या नावानं फाडा.