चिमटे, फरशी आणि वीस तीन: शिक्षकांनी एकमेकांचं उचलावं का?

मानखुर्दच्या बाई
परवा इथल्याच एका पालकांनी लिहिलं: ‘हल्लीच्या शिक्षकांना स्वतःचं काही सुचत नाही. एकीने दोरीला कपड्यांचे चिमटे लावून शब्द टांगले की आठवड्याभरात अख्ख्या मुंबईत चिमटेच चिमटे. आमचे गुरुजी नुसता खडू घेऊन यायचे.’ दिवसभर त्याला टाळ्या पडल्या. मी हार्बरला लोंबकळत ते वाचलं, तेव्हापासून डोक्यात भुणभुण चालू आहे.

हो, उचलतो आम्ही. लेडीज डब्यात आम्ही सहाजणी असतो, वडाळा, चेंबूर, गोवंडी, सगळ्या वेगवेगळ्या शाळांतल्या. पाठाच्या तयारीच्या टाचणवह्या तिथेच उघडतात. गेल्या वर्षी वडाळ्याच्या बाई म्हणाल्या, ‘दुसरीचं संख्यावाचन बेस्टवरून घे. येता-जाता दिसतील त्या बसचे नंबर लिहून आणायचे.’ मी घेतलं आणि सपशेल पडले. माझी निम्मी पोरं बसमध्ये कधी बसतच नाहीत, त्यांच्या गल्लीत रिक्षासुद्धा शिरत नाही. पण झोपड्यांच्या दारांवर सर्व्हेचे नंबर रंगवलेले असतात. म्हटलं, ते आणा. दुसऱ्या दिवशी पोरांनी गल्लीच्या गल्ली वहीत उतरवून आणली. मग मी एकेक नंबर मोठ्याने सांगितला आणि त्यांना लिहायला लावला, तेव्हा कळलं की अकरा मुलं ‘त्रेसष्ट’ ऐकून ३६ लिहितात. बावीस वर्षं शिकवतेय, हे इतकं स्वच्छ आधी दिसलं नव्हतं.

आता सांगा, कल्पना कोणाची? वडाळ्याची, माझी, की दारावर नंबर रंगवणाऱ्याची?

मुलुंडकर बाबा
ती पोस्ट माझीच. तुमच्या दारांबद्दल राग नाही, बाई. राग आहे तो रात्री साडेनऊला येणाऱ्या मेसेजबद्दल: ‘उद्या पाणीचक्राचं मॉडेल आणावे.’ कोणत्या तरी मॅडमना रात्री जेवता जेवता फोनवर काहीतरी छान दिसतं आणि मी स्टेशनरीवाल्याचं अर्धं शटर ठोकत फिरतो. मॉडेल मी करतो, बक्षीस मुलीला मिळतं, फोटो शाळेच्या पेजवर जातो. पाऊस कसा पडतो हे तिला अजून माहीत नाही. मला आता पाठ आहे.

परळचे गुरुजी (निवृत्त)
चौतीस वर्षं शिकवलं. एकही चिमटा लावला नाही. पोरं पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढे घडाघडा म्हणत. आज दहावीच्या मुलाला विचारा, पंधरा दिढे किती? फोन काढेल. सगळा नाद त्या देवाणघेवाणीचा. ज्याला विषय येतो त्याला युक्त्या लागत नाहीत.

सांगलीकर
गुरुजी, एक सांगू? गुजरातच्या बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांनी मॉन्टेसरीचं घेतलं. ताराबाई मोडक भावनगरला जाऊन गिजुभाईंकडून शिकल्या. पुढे आदिवासी भागातल्या बोर्डी-कोसबाडला महागडी साधनं परवडणार नव्हती, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघांनी शंख, बिया, पानं, खडे वापरले. गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात, तर शाळाच कुरणात नेली. ही सगळी उचलाउचलच की!

पण मुलुंडकरांचंही थोडं खरं आहे. साताऱ्याच्या कुमठे बीटचं, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाचं, नाव झालं तेव्हा राज्यभरातून शिक्षक गाड्या करून बघायला गेले. मीही गेलो, तेव्हा जिल्हा परिषदेत होतो. तिथे मुलं फरशीवर आखलेल्या चौकटींत बसून खडे मांडत, एकमेकांना शिकवत. आम्ही परतलो आणि मागोमाग फर्मान आलं, सर्व शाळांनी फरश्या रंगवाव्यात. वर्गणी काढली, पेंटर आणला. मग साहेब तपासणीला येणार म्हणून मुलांना तंबी, रंगावर पाय देऊ नका. दोन महिने माझी पोरं भिंतीला चिकटून चालत होती.

मानखुर्दच्या बाई
हे मात्र खरं आहे. सहकाऱ्याकडून आलेली कल्पना मी मोडून बघते. वरून आली की फोटो काढते.

परळचे गुरुजी (निवृत्त)
आणि ‘त्रेसष्ट’चं काय घेऊन बसलात? पोराला येत नाही कारण पाठांतर बंद केलं. २०१९ ला तुमच्या त्या बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस तीन’ आणलं. तेवीस म्हणायला जीभ झिजते का? उद्या वाण्याने ‘सत्त्याहत्तर रुपये’ म्हटलं की पोरगं बघत राहील!

गणितवाली
पुस्तक उघडून बघितलंत का गुरुजी? त्यात ‘तेवीस’ होतंच. ‘वीस तीन’ शेजारी दिलं होतं. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. गणितज्ञ होत्या त्या, कोणी ऐऱ्यागैऱ्या नव्हत्या. तमिळ, तेलुगू, कानडीत वीस आधी, तीन नंतर. आपण तीन आधी बोलतो आणि नंतर लिहितो, म्हणून त्रेसष्टचे ३६ होतात. त्यात पुन्हा एकोणतीस ते एकोणनव्वद सगळीकडे ‘एकोण’ आणि शंभरच्या आधी एकदम नव्व्याण्णव! सात वर्षांच्या पोराने कुठे बघायचं?

परळचे गुरुजी (निवृत्त)
आमच्या सात पिढ्या शिकल्या.

गणितवाली
सात पिढ्यांतली जी शिकली नाहीत ती तुमचा वर्ग सोडून गेली, म्हणून तुम्हाला दिसली नाहीत.

परळचे गुरुजी (निवृत्त)
वयाचा मान ठेवा. गिरणी कामगारांची पोरं शिकवली मी. ८२ च्या संपात घरी चूल पेटत नव्हती तरी वर्गात येत. एकालाही मी गेलेलं म्हणत नाही.

गणितवाली
ते वाक्य चुकलं. माफ करा. ‘वीस तीन’बद्दल माफी नाही.

भायखळ्याचा पोस्टमन
मी शिक्षक नाही, पण चाळीच्या खोल्यांचे नंबर वाचण्यात हयात गेली. नवीन पोरगा एकोणपन्नासचं पत्र हमखास एकोणसाठला टाकतो. बाकी तुमचं चालू द्या.

मुलुंडकर बाबा
धागा शिक्षकांवर होता, आता अंकलिपीवर आला. असो. एक विचारतो. हे सगळं इतकं चांगलं असेल तर नाव एकाचंच का होतं? परितेवाडीच्या डिसले गुरुजींना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, बाकीचे कुठे असतात?

सांगलीकर
पुरस्काराच्या दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ जणांना वाटले. पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची त्यांची कल्पना पुढे राज्यभरच्या पुस्तकांत गेली. तुमच्या हिशेबाने बालभारतीनेही ढापलंच म्हणायचं.

आणि बाकीचे कुठे असतात म्हणाल तर याद्या करत असतात. या महिन्यात मी नऊ दिवस मतदारयाद्यांवर होतो. शिक्षण हक्क कायद्यात निवडणूक, जनगणना आणि आपत्तीची कामं सोडून दुसरं काही देऊ नये असं लिहिलंय, पण ही तीनच पुरतात. शिक्षण परिषदेत, म्हणजे आमच्या शिक्षकांच्या बैठकीत, एकमेकांचं काही ऐकावं, तर निम्मा वेळ ‘ही माहिती आजच भरा’ यातच जातो. म्हणून बाई लोकलमध्ये टाचणवही उघडतात. हौस नाही ती.

मुलुंडकर बाबा
बरं, डब्यातली देवाणघेवाण माफ. रात्री साडेनऊची नाही.

(दुसऱ्या दिवशी) काल मुलीला म्हटलं, चल, आपल्या बिल्डिंगचे नंबर वाचू. हो बाई, तुमचंच ढापलं. लिफ्टमध्ये बारानंतर एकदम चौदा आहे. ती म्हणाली, तेरा कुठे गेला? मी सांगितलं, बिल्डरला तेरा अशुभ वाटतो. तर म्हणते, मग चौदाव्या मजल्यावरचे काका खरे तेराव्यावरच राहतात की! काकांना अजून सांगितलेलं नाही.

मानखुर्दच्या बाई
हे उद्या डब्यात सांगणार. वडाळ्याच्या बाईंची शाळा टॉवरच्या सावलीतच आहे.

परळचे गुरुजी (निवृत्त)
सांगा, सांगा. फक्त ‘दहा तीन’ म्हणून सांगू नका.