मदत हवी आहे : मराठी आरोग्यलेख तपासण्यासाठी

नमस्कार मंडळी. बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांसाठी मराठीत आरोग्यविषयक मजकूर तयार करतोय. मूळ माहिती बरेचदा कन्नड किंवा इंग्रजी पत्रकांतून येते आणि चूक नेमकी भाषांतरात शिरते, तीही मापात.

घरच्या मीठ-साखरेच्या पाण्याचंच घ्या. 1 लिटर उकळून गार केलेलं पाणी, सपाट 6 चहाचे चमचे साखर, सपाट अर्धा चमचा मीठ. इथे चमचा 5 मिलीचा. मराठीत नुसतं 'चमचा' लिहिलं की कुणी पोह्याचा चमचा घेतो, कुणी शीग लावून भरतो. मीठ वाढलं तर जुलाब झालेल्या लहान बाळाच्या जिवाला धोका. म्हणून आम्ही 'सपाट' आणि 'मिली' दोन्ही लिहितो. ओआरएसची पुडी 1 लिटरची की 200 मिलीची, हेही.

प्रत्येक लेखावर लिहिल्याची आणि डॉक्टरांनी तपासल्याची तारीख वेगवेगळी असते. मधुमेह, कॅन्सर 'मुळापासून बरा' करणाऱ्या जाहिराती घेत नाही. 1954 च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने त्यांना बंदीच आहे.

आता अडचण. लेखातली चूक आम्ही दुरुस्त करतो, पण व्हॉट्सॲपवर जुना फोटोच फिरत राहतो. फोटोवरच तारीख आणि आवृत्ती क्रमांक छापून कुणाला उपयोग झालाय का? आणि कन्नड-मराठी दोन्ही वाचणारे डॉक्टर किंवा फार्मासिस्ट महिन्याला दोन लेख, फक्त मात्रा आणि मापं, तपासून देतील का? कृपया कळवा.