पावसात दार अडकतंय, नळ गळतोय: घरात हत्यारं नक्की कुठली ठेवावी?

माशेलची_सून
नमस्कार सगळ्यांना. आम्ही दोन महिन्यांपूर्वी गोव्यात माशेलला सासरच्या जुन्या घरात राहायला आलो. चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंती, वर मंगळुरी कौलं, मध्ये छोटंसं राजांगण. नवरा बोटीवर असतो, घरी मी, सासूबाई आणि मुलगा. सुताराला फोन केला की म्हणतो चवथीआधी (गणेशचतुर्थीआधी) वेळ नाही, प्लंबर उद्या येतो म्हणतो आणि तो उद्या काही येत नाही, म्हणून ठरवलंय की बारीकसारीक कामं आता आपणच शिकायची.

ऑनलाइन एक ४० नगांचा सेट मागवला होता पण पैसे फुकट गेले. दुसऱ्याच स्क्रूला स्क्रू ड्रायव्हरचं टोक पिळवटलं आणि पाना नटावरून घसरून नटाचे कोपरेच गोल झाले. आता सेट नको, एकेक वस्तू नीट बघून घ्यायची आहे, बजेट साधारण तीन हजार. कामं अशी आहेत, मागीलदारचं सागवानी दार पाऊस सुरू झाल्यापासून अडकतंय, कडीच्या बाजूला वरच्या अंगाला घासतं आणि खाली उंबऱ्यालाही लागतं. न्हाणीतला जुना पितळी नळ बंद केला तरी टिपकत राहतो. भिंतीत खिळा ठोकला की चिऱ्याचा भुगा पडतो आणि खिळा हलायला लागतो. आणि यंदा माटोळी (गणपतीच्या वर टांगायची फळांची लाकडी चौकट) आमच्याकडे बांधायची आहे, तिच्यासाठी तुळईला हूक लावायचे आहेत, जुने गंजून गेलेत.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात जाणार आहे, रंधा घ्यायचाच असं मनात आहे, दार घासून टाकते. किती इंची घेऊ?

सुतारकाम_३०वर्षं
ताई, रंधा आत्ता घेऊ नका. मी आयटीआयमध्ये तीस वर्षं सुतारकाम शिकवलं, दर पावसाळ्यात हाच प्रश्न यायचा आणि दर मार्चमध्ये त्याच दाराला बोटभर फट पडलेली दाखवायला लोक यायचे. लाकूड पावसात हवेतलं पाणी घेतं आणि आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ फुगत नाही. उन्हाळ्यात तेच पाणी सुटतं आणि दार परत आवळतं. जुलैत काढलेला छिलका मार्चमध्ये परत चिकटवता येत नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय त्यावरून मला दार फुगलंय असं वाटतच नाही. फुगलेलं दार बहुतेक वेळा उभ्या कडेला लांबपर्यंत घासतं. तुमचं कडीच्या बाजूला फक्त वर घासतंय आणि त्याच वेळी खाली उंबऱ्याला लागतंय, म्हणजे दार झुकलंय. वरची बिजागरी सैल असणार. दार अर्धं उघडा, कडीच्या बाजूने दोन्ही हातांनी धरून जरा वर उचलून बघा. बिजागरीपाशी हललं तर आजार तिथे आहे आणि रंध्याचं काही कामच नाही.

मग लागणार स्क्रू ड्रायव्हर, आणि तो नीट निवडायचा. जुन्या घरातल्या पितळी स्क्रूंना एकच सरळ खाच असते. चपट्या टोकाचा ड्रायव्हर असा पाहिजे की टोक खाचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे आणि जाडीलाही खाचेत घट्ट बसलं पाहिजे. टोक अरुंद असलं की खाच फाटते, बारीक असलं की टोक पिळवटतं, तुमच्या सेटचं तेच झालं असणार. एक स्क्रू काढून दुकानात बरोबर न्या आणि दुकानातच टोक बसवून बघा, याला लाज वाटून घेऊ नका. नव्या चौफुली स्क्रूंसाठी दोन नंबरचं फिलिप्स टोक घ्या, घरातले बहुतेक स्क्रू त्यानेच फिरतात, एक नंबर फक्त बारीक वस्तूंना. एक नंबरने मोठा स्क्रू फिरवायला गेलात तर डोकं खाऊन टाकतं.

खाचेत जुना रंग भरलेला असेल तर तुटलेल्या हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने तो खरवडून काढा, मगच ड्रायव्हर लावा. सुटत नसेल तर आधी थोडा घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग उलटा. भोक मोठं झालं असेल तर सागाची बारीक कामटी फेव्हिकॉल लावून भोकात ठोका, एक दिवस वाळू द्या, जास्तीची पटाशीने (लाकूड कापायच्या धारदार छन्नीने) कापा आणि मग स्क्रू बसवा. नवा पितळी स्क्रू थेट सागात कधी दामटायचा नाही, मधेच तुटतो. आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढून पितळी बसवा, आट्यांना मेणबत्तीचं मेण चोळा. साबण नको, तो ओल धरतो.

डिचोलीचा_भाचा
काका बरोबर असतील पण आमच्याकडे मागच्या वर्षी रंध्याने घासलं आणि काम झालं, दोन मिनिटांचं काम, एवढं काय विचार करायचा. दार रोज अडकतंय म्हटल्यावर माणूस मार्चपर्यंत थांबणार का.

सुतारकाम_३०वर्षं
बाब, तुमचं दार खरंच फुगलं असेल तर तेही करावं लागतं, पण किती काढायचं हे कळलं पाहिजे. खडू घ्या, चौकटीच्या आतल्या कडेला फासा, दार दोन तीनदा लावून उघडा, दाराला जिथे खडू लागला तेवढंच. पावसात पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून घासलं तरी बऱ्याच वेळा पुरतं, रंधा नोव्हेंबरनंतर. आणि दाराच्या वरच्या किंवा खालच्या कडेला रंधा मारायचा झाला तर दोन्ही टोकांकडून मधे या, सलग एका टोकापर्यंत गेलात तर शेवटचा कोपरा फुटतो, कारण तिथे उभ्या पट्टीचं आडवं कापलेलं तोंड असतं. त्याच तोंडातून लाकूड सगळ्यात जास्त पाणी पितं. लोक दाराला दोन्ही बाजूंनी सुंदर पॉलिश करतात आणि वरची खालची कड कोरी ठेवतात. उन्हाळ्यात दार उतरवून त्या दोन कडांना वार्निश मारा, पुढच्या पावसात फरक दिसेल.

न्हाणीचा_नळ
मी फोंड्याला प्लंबिंगचं सामान विकतो, म्हणून फक्त नळाबद्दल लिहितो. नळाच्या तोंडातून टिपकत असेल तर आतला वायसर (वॉशर) गेला, मुठीच्या खालून पाणी झिरपत असेल तर दांड्याभोवतीचं पॅकिंग गेलं. दोन वेगळी कामं आहेत. तुमचं पहिलं दिसतंय.

पाइप पाना घेऊ नका ताई, सगळे आधी तोच मागतात. त्याचे दात गोल लोखंडी पाइप चावून धरायला असतात, पितळी नळाच्या सहा बाजूच्या नटावर लावला की कोपरे खाऊन टाकतो आणि क्रोमच्या नळावर तर कायमचे ओरखडे. तुम्हाला १० इंची ॲडजस्टेबल पाना लागणार, त्यालाच बरीच दुकानं स्क्रू स्पॅनर म्हणतात. ८ इंची स्वस्त पडतो पण मोठ्या नटाला त्याचा जबडा कधीकधी कमी पडतो. घेताना जबडा बंद करून हलवून बघा, जास्त खडखडत असेल तर ठेवून द्या. आणि वापरताना दोन गोष्टी, एक म्हणजे नटावर ठेवून चाक फिरवून अगदी घट्ट करायचा, आणि दुसरी म्हणजे जोर स्थिर जबड्यावर येईल अशाच दिशेला ओढायचा, हलत्या जबड्यावर जोर आला की तो उघडतो आणि घसरतो. तुमच्या नटाचे कोपरे अशानेच गेले असतील. नटाला आधी जुनं फडकं गुंडाळा.

कामाआधी टाकीचा व्हॉल्व्ह बंद करा, नळ उघडून राहिलेलं पाणी जाऊ द्या, मोरीच्या भोकावर कापड टाका नाहीतर बारीक स्क्रू गेला की गेला. नळ थोडा उघडा ठेवूनच वरचा नट फिरवा, बंद ठेवून फिरवलात तर वायसर सीटवर दाबला जातो. जुना वायसर दुकानात घेऊन या. घरात अर्धा इंची नळ म्हणतात तो आटे मोजले तर बाहेरून साधारण २१ मिलिमीटर भरतो, म्हणून घरी पट्टी लावून माप सांगणारे गिऱ्हाईक नेहमी चुकीचा माल नेतात. पूर्ण नळच बदलायचा झाला तर टेफ्लॉन टेप आट्यांच्या तोंडाकडे बघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळा, उलटी गुंडाळली की नळ बसवताना सगळी गोळा होऊन बाहेर येते. आणि नवीन लाइन प्लास्टिकची असेल तर हाताने घट्ट करून वर थोडंसंच पान्याने, जास्त जोर केलात तर भिंतीच्या आतला जोड तडकतो आणि मग टाइल फोडायला लागते.

वास्कोकर_७
चिऱ्याबद्दल कोणीच लिहिलं नाही. आमचंही घर चिऱ्याचं आहे. चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होतो, पण आत भोकं भोकं असतातच त्यामुळे खिळ्याला धरायला काही मिळत नाही. वजनदार हातोडी आणली म्हणून प्रश्न सुटत नाही, उलट जास्त ठोकलं की जास्त भुगा. आमचे आजोबा करायचे तेच मी करतो, छन्नी आणि हातोडीने इंचभर रुंद, दोन अडीच इंच खोल भोक, आतून किंचित पसरट, भोक धुऊन ओलं करायचं, फणसाची किंवा सागाची गुल्ली बसवायची आणि भोवती सिमेंट भरायचं. तीन चार दिवसांनी त्या गुल्लीत स्क्रू घाला, घड्याळच काय फळी लावली तरी हलत नाही. ड्रिल मशीन वापरलंत तर हॅमरचं बटण बंद ठेवून नुसतं फिरवा. आणि दोन चिऱ्यांच्या मधल्या सांध्यात भोक नको, जुन्या घरात तिथे माती असते. छन्नी मारताना डोळ्यांना चष्मा, ही चैन नाही.

हातोडी घरात एकच ठेवायची तर मागे खिळे उपटायला फट असलेली, डोकं साधारण अर्धा किलो. हलकी घेतली तर खिळा वाकतो, जड घेतली तर मनगट दुखतं. पण छन्नीवर ती मारायची नाही, तिचं तोंड कडक असतं, कपची उडू शकते. छन्नीला गोल डोक्याची हातोडी शेजाऱ्याकडून मागून आणा.

भिंतीत भोक पाडण्याआधी स्विच बोर्ड कुठे आहे ते बघा, बोर्डाच्या सरळ वर आणि खाली वायर असते असं धरूनच चाला आणि मेन बंद करा. टेस्टर घेणार असाल तर आधी चालू असलेल्या प्लगवर लावून तो पेटतो का बघायचं आणि मगच ज्या ठिकाणी वीज नाही असं वाटतंय तिथे लावायचा, बिघडलेला टेस्टर कधीच पेटत नाही आणि माणूस वायरला हात लावतो. पकडीच्या दांड्याला रबर आहे म्हणून ती विजेच्या कामाची होत नाही, १००० व्होल्टचा शिक्का बघून घ्या.

शेवटचं, हत्यारं जपा. आम्ही समुद्राजवळ आहोत, एका पावसात पाना लाल होतो. काम झालं की पुसायचं, शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवायचं आणि डब्यात कापराच्या दोन वड्या ठेवायच्या. खोबरेल तेल लावू नका, काही महिन्यांनी चिकट होतं.

माशेलची_सून
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, काल रात्री वाचलं आणि सकाळी आधी दार उचलून बघितलं. काका, तुमचं शंभर टक्के बरोबर, वरच्या बिजागरीचे तीनपैकी दोन स्क्रू नुसते भोकात फिरत होते, हाताने बाहेर आले! मी आज रंधा मारून चांगल्या सागवानी दाराची कड कापणार होते, विचार करून अंगावर काटा आला. माटोळीच्या हुकाचं सांगाल का? तुळई फणसाची आहे, नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं सगळं लटकणार म्हणजे वजन बरंच.

सुतारकाम_३०वर्षं
फणसाची तुळई म्हणजे काळजी नको, फक्त आधी पटाशीचं टोक चार ठिकाणी टोचून बघा, आत भुसभुशीत लागलं तर वाळवी, तिथे हूक नाही. चांगल्या जागी गिरमिटाने (हाताने फिरवायच्या ड्रिलने) आधी भोक पाडा. माप असं, गिरमिटाचं पातं हुकाच्या आट्यांसमोर धरलं की मधला दांडा झाकला गेला पाहिजे आणि दोन्ही बाजूंना आटे दिसले पाहिजेत. भोक न पाडता हूक पिळलात तर तुळईला चीर जाते. आटे पूर्ण आत जाईपर्यंत फिरवा, हुकात जाड खिळा अडकवून फिरवलं की सोपं जातं. चार कोपऱ्यांना चार हूक, दोनवर भागवू नका, आणि माटोळी बांधायच्या आदल्या दिवशी प्रत्येक हुकाला तांदळाची पिशवी टांगून रात्रभर ठेवून बघा. कोणाचं स्लॅबचं घर असेल आणि हे वाचत असेल तर छताला प्लास्टिकचा प्लग नको, लोखंडी अँकर फास्टनर घ्या आणि तेवढं ड्रिलवाल्याकडून करून घ्या.

शिडी धरायला खाली कोणी तरी असू द्या.

माशेलची_सून
सासूबाई धरणार आहेत, त्यांनी आत्ताच सांगितलं. शुक्रवारची यादी आता अशी झाली: खाचेच्या मापाचा एक चपटा ड्रायव्हर, दोन नंबरचा एक फिलिप्स, १० इंची पाना, अर्ध्या किलोची हातोडी, पाऊण इंची पटाशी, गिरमिट, छन्नी, चष्मा, शिवाय पितळी स्क्रू आणि त्याच मापाचे लोखंडी. जुना स्क्रू आणि नळाचा वायसर पर्समध्ये ठेवलेत. कामट्या आज चिकटवल्या, दार दोरीने बांधून ठेवलंय.

न्हाणीचा_नळ
वायसर दोन घ्या ताई, एक डब्यात राहू दे.