खांबांविना छप्पर: प्रश्न फक्त पोलादाचा नाही

वर एकांनी म्हटलंय की खांब नसलेलं मोठं सभागृह म्हणजे फक्त जास्त पोलाद ओतायचं. इतकं सरळ नाही हो. त्याच तुळईचा गाळा (दोन आधारांमधलं अंतर) दुप्पट केला, तर दर मीटरचा भार तोच असूनही आघूर्ण (तुळईला वाकवू पाहणारा जोर) चौपट आणि मधला झोल, म्हणजे खाली झुकणं, सोळापट होतो.

अमेरिकेतल्या हार्टफर्ड सिव्हिक सेंटर या मोठ्या क्रीडागृहाचं आठवा. छप्पर जमिनीवर जोडून वर उचललं, तेव्हाच झोल हिशेबाच्या जवळपास दुप्पट भरला होता. तरी संगणकाच्या आकडेमोडीवर भरवसा ठेवून काम पुढे रेटलं. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे बर्फाच्या भाराखाली ते कोसळलं. काही तासांपूर्वीच आत बास्केटबॉल सामन्याला हजारो प्रेक्षक होते! वरच्या, दाब सोसणाऱ्या दांड्यांना पुरेसा आडवा आधारच नव्हता.

आणि तापमानाचा विषय इथे कुणी काढलाच नाही. १०० मीटरचा पोलादी ट्रस (दांडे त्रिकोणांत जोडून केलेला छपराचा सांगाडा) ३० अंशांच्या फरकाने साडेतीन सेंटिमीटर लांबतो. दोन्ही टोकं घट्ट आवळली तर तो खांबांनाच ढकलणार, म्हणून एका टोकाला सरकतं बेअरिंग, म्हणजे ट्रसला पुढेमागे सरकू देणारा टेकू. तपासणीसाठी तिथवर पोचायची वाट मात्र बऱ्याचदा फॉल्स सीलिंगवाले बंद करून टाकतात.