फ्रीबीएसडीवर यूएसबी टोकनने पीडीएफवर सही: कोणता मार्ग धरू?

रात्रपाळी: फ्रीबीएसडी १४ (युनिक्स घराण्यातली ऑपरेटिंग सिस्टीम) वापरतो. डिजिटल सहीचं प्रमाणपत्र ज्या यूएसबी टोकनवर मिळालंय त्याचा ड्रायव्हर फक्त विंडोज, मॅक आणि ६४ बिट लिनक्ससाठी आहे. पीसीएससीडी (कार्ड-रीडरशी बोलणारी सेवा) चालू आहे, ओपनएससीला (स्मार्टकार्ड वाचणारी मुक्त साधनं) टोकन दिसतं, पण आत एकही प्रमाणपत्र दिसत नाही. महिन्याला चार-पाच पीडीएफ असतात. नवीन टोकन घ्यायचं नाही.

खटपट्या: युबिकी ५ (दुसऱ्या कंपनीचं टोकन) घ्या, विषय संपला. त्याच्या पीआयव्हीत (स्मार्टकार्डची प्रमाणित मांडणी) सहीसाठी ९सी स्लॉट, म्हणजे किल्लीचा कप्पा आहे, ओपनएससी तो थेट वाचतं. फर्मवेअर ५.७ किंवा पुढचंच बघा. त्याआधी पीआयव्हीत आरएसए किल्ली २०४८ बिटच्या वर जात नाही.

उंटावरचा: नवीन घ्यायचं नाही, हे त्यांनी लिहिलंय. टोकनमधली खासगी किल्ली बाहेर निघत नाही, म्हणजे प्रमाणपत्रही नव्याने काढावं लागेल. सीसीआयडी ड्रायव्हर (यूएसबी रीडरचा सर्वसाधारण ड्रायव्हर) टोकनपर्यंत फक्त निरोप पोचवतो. आतली मांडणी उत्पादकाची स्वतःची असेल, तर ओपनएससीला त्यातलं काही कळत नाही. ती त्यांच्याच पीकेसीएस११ लायब्ररीला (प्रोग्रॅम आणि टोकन यांच्यातला प्रमाणित दुवा) कळते.

मुसळधार: आधी जीपीजी (एन्क्रिप्शन आणि सहीचा प्रोग्रॅम) बघा! त्यातला कार्ड हाताळणारा एससीडेमन रीडर अडवून बसतो. 'जीपीजीकॉन्फ'ने त्याला मारा आणि त्याच्या कॉन्फ फाइलमध्ये 'डिसेबल-सीसीआयडी' टाका, म्हणजे तो पीसीएससीडीमार्फतच जाईल.

उंटावरचा: रीडर अडला असता तर ओपनएससीला टोकन गाठताच आलं नसतं. इथे ती अडचण नाही.

मुसळधार: आज नाही, पण जीपीजी वापरत असाल तर कधीतरी येणारच. ओळ टाकून ठेवा.

दगडधोंडा: लिनक्सची ती लायब्ररी ग्लिबसीवर (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) बांधलेली असते, फ्रीबीएसडीच्या फायरफॉक्समध्ये लोड होणार नाही. लिनक्सुलेटरमध्ये (फ्रीबीएसडीत लिनक्सचे प्रोग्रॅम चालवायची सोय) सही करणारा प्रोग्रॅमही लिनक्सचाच हवा. शिवाय आतलं लिबपीसीएसलाइट (पीसीएससीडीशी बोलणारी लायब्ररी) आणि बाहेरचा पीसीएससीडी यांचा प्रोटोकॉल जुळला पाहिजे, नाहीतर रीडरच सापडत नाही.

खटपट्या: मग बीहाइव्हमध्ये (फ्रीबीएसडीचं व्हर्च्युअल मशीन) लिनक्स टाका. किंवा युबिकी घ्याच.

उंटावरचा: बीहाइव्ह एकटंदुकटं यूएसबी उपकरण आत देत नाही. पीसीआय पासथ्रूने अख्खा कंट्रोलर द्यावा लागतो, म्हणजे त्यावरचा माउस, कॅमेरा सगळंच आत जातं. त्यापेक्षा जुन्या लिनक्स मशीनला टोकन लावा, तिथे उत्पादकाची लायब्ररी देऊन 'पी११-किट सर्व्हर' (टोकन दुसऱ्या मशीनवरून वापरू देणारं साधन) चालवा आणि त्याचं सॉकेट, म्हणजे जोडणीचं टोक, एसएसएचवरून (दोन मशीनमधली सुरक्षित जोडणी) इकडे आणा. इथल्या प्रोग्रॅमला 'पी११-किट-क्लायंट' मॉड्यूल द्या आणि सॉकेटचा पत्ता 'पी११_किट_सर्व्हर_अॅड्रेस' या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये ठेवा. किल्ली टोकनमध्येच राहते.

दगडधोंडा: +१. फक्त ते सॉकेट ज्याच्या हाती, त्याला टोकनपर्यंत वाट मोकळी. काम झालं की बंद करा.

रात्रपाळी: चार-पाच सह्यांसाठी दुसरं मशीन सांभाळणं नको वाटतं. पेनड्राइव्हवर लिनक्स टाकतो, बदल टिकवणाऱ्या जागेसह. त्यातच उत्पादकाचा ड्रायव्हर बसवतो आणि सहीपुरतं तिथून बूट करतो.

मुसळधार: एवढ्यासाठी रीबूट?

उंटावरचा: चालेल, पण घड्याळ बघा. फ्रीबीएसडीत हार्डवेअर घड्याळ स्थानिक वेळेवर असेल आणि पेनड्राइव्हवरचं लिनक्स ते यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजत असेल, तर टाइमस्टॅम्प सर्व्हर (सहीची वेळ प्रमाणित करणारा) नसताना सहीवर चुकीची वेळ पडते. आणि पिन घालण्याआधी ओपनएससीच्या 'पीकेसीएस११-टूल'ला उत्पादकाची लायब्ररी देऊन स्लॉटची यादी काढा. पिनचे प्रयत्न संपत आले असतील तर ते त्या यादीत टोकनच्या फ्लॅगमध्ये (स्थितीच्या खुणा) दिसतं.

रात्रपाळी: पिन आधीच एकदा चुकलाय. यादी काढूनच पुढे जातो.