गळणारा गिझर दुरुस्त करावा की बदलावा?

प्रश्न (शिवोली, बार्देश)

आमच्या न्हाणीतला २५ लिटरचा गिझर नऊ वर्षांचा झाला आहे. एप्रिल-मे महिन्यांत तो बंदच असतो. यंदा पाऊस लागल्यावर तो सुरू केला, तेव्हा काही मिनिटांतच घराचा ईएलसीबी (वीजगळती होताच वीज तोडणारा स्विच) पडला, आणि त्याच दिवशी गिझरच्या बुडाकडून पाणी ठिबकत असून भिंतीवर तांबूस ओघळ उतरला असल्याचेही लक्षात आले. सकाळी गरम पाण्याच्या नळाला सुरुवातीस गंजाचे पाणी येते. थंड पाण्याच्या नळाला मात्र स्वच्छ येते. पाणी विहिरीचे आहे आणि खाडी जवळ असल्याने उन्हाळ्याच्या शेवटी ते किंचित मचूळ लागते.

एक मेकॅनिक आतली टाकी वेल्डिंग करून आणि नवी कॉइल घालून ३,२०० रुपयांत काम करून देतो म्हणाला. दुसऱ्याने गिझर न उघडताच नवा घ्यायला सांगितले. तोपर्यंत ईएलसीबी वगळून थेट जोडणी करून घ्यावी, असेही एकाने सुचवले. ते माझ्या मनाला पटत नाही. आई-वडील दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत आणि वडिलांना पहाटे गरम पाणी लागतेच. पूर्वी याच न्हाणीत चुलीवर तांब्याचे भाण असे. ते आता राहिलेले नाही. चवथीला भावाचे कुटुंब येईल, त्यापूर्वी निर्णय घ्यायचा आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (फोंडा, विद्युत कामाचा अनुभव)

आपल्या मनाला जे पटले नाही, तेच बरोबर आहे. ईएलसीबी कोणत्याही परिस्थितीत वगळू नका. घरगुती ईएलसीबी साधारणपणे ३० मिलीअँपिअर गळती झाली की वीज तोडतो. तो पडतो याचा अर्थ वीज वाट सोडून गिझरच्या पत्र्याकडे किंवा पाण्याकडे वळत आहे आणि ते पाणी अंगावर घेणारी आपल्या घरातलीच माणसे आहेत. गिझरचा प्लग काढून ठेवा आणि तूर्त पाणी गॅसवर तापवा.

मात्र ईएलसीबी पडतो म्हणून गिझर निकामी झाला, असे लगेच समजू नये. कॉइलच्या नळीत तापणारी तार मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते आणि ही भुकटी ओलावा शोषते. दोन महिने बंद राहिलेल्या गिझरच्या कॉइलचे तोंडाकडचे सील जुने झाले असेल, तर आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात तिचे इन्सुलेशन (वीज अडवून धरण्याची क्षमता) उतरते. वायरमनकडून कॉइलची मेगर चाचणी, म्हणजे इन्सुलेशनची मोजणी, करून घ्यावी. दोष कॉइलचा निघाला तर ती बदलता येते. थर्मोस्टॅट, कटआउट आणि रबरी गॅस्केटही बदलता येतात आणि तेवढ्यासाठी अख्खा गिझर टाकून देणे मला योग्य वाटत नाही.

आपला खरा प्रश्न पाणी कुठून गळते हा आहे. सुरक्षा वॉल्व्हमधून गिझर तापताना थोडे पाणी ठिबकणे हा दोष नाही, कारण २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर गेले की ते सुमारे एक तृतीयांश लिटरने प्रसरण पावते आणि त्याला बाहेर पडण्यास वाट लागते. प्लग काढून झाल्यावर खालचे झाकण उघडावे, सगळे कापडाने कोरडे करावे आणि अर्धा तास पाहावे. ओल कॉइलच्या फ्लँजभोवती (कॉइल टाकीला जोडणाऱ्या चकतीभोवती) दिसली तर गॅस्केट बदलून भागेल. फ्लँज कोरडा राहून बाहेरचा पत्रा आणि आतली टाकी यांच्या फटीतून पाणी उतरत असेल, तर टाकीलाच छिद्र पडले आहे.

उत्तर (मडगाव)

वरील उत्तराशी मी सहमत आहे. फक्त वेल्डिंगविषयी स्पष्टपणे लिहिणे आवश्यक वाटते. पोलादी टाकीच्या आत काचेसारख्या मुलाम्याचा थर असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने त्या जागेचा थर तडकतो आणि नवा गंज तिथूनच सुरू होतो. शिवाय टाकीभोवतीचा फोम फाडल्याशिवाय वेल्डिंग करता येत नाही, म्हणजे उष्णता धरून ठेवण्याची सोयही जाते. टाकी फुटली असेल, तर ते ३,२०० रुपये वाया जातील.

गिझर नऊ वर्षांत कधी उघडून अ‍ॅनोड रॉड पाहिला होता का? टाकीत मॅग्नेशियमची एक कांडी असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजते. ती संपली की गंज टाकीला लागतो. देशावर क्षारांची पुटे ही मुख्य तक्रार असते, पण आपल्याकडे जांभ्या खडकातल्या विहिरींचे पाणी बहुधा मृदू आणि काहीसे आम्लधर्मी असते. त्यामुळे कॉइलवर पूट कमी दिसते आणि गिझर ठीक आहे असा समज होतो, पण आत कांडी झिजत असते. त्यात खाडीचा खारटपणा मिसळला की झीज आणखी वेगाने होते. मचूळ पाणी असलेल्या घरात कांडी दरवर्षी पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. जुने बिलही शोधा. टाकीची हमी पुष्कळदा इतर भागांपेक्षा अधिक वर्षांची असते.

उत्तर (डिचोली)

नवा घ्यायची वेळ आली, तर न्हाणी बंदिस्त असल्यास गॅस गिझरचा विचार मनात आणू नका. हवा खेळती नसेल तर त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो आणि त्याचा वासही येत नाही.

बादलीने आंघोळ करत असाल तर १५ लिटर पुरेल. ६० अंशांच्या १५ लिटर पाण्यात थंड नळाचे साधारण २७ अंशांचे पाणी मिसळले की ४० अंशांचे सुमारे ३८ लिटर, म्हणजे जवळजवळ दोन बादल्या पाणी होते. दोन किलोवॅटच्या कॉइलला ते तापवायला सतरा-अठरा मिनिटे पुरतात. २५ लिटरला जवळपास अर्धा तास लागतो.

प्रश्नकर्ता (शिवोली)

आपणा सर्वांचे मनापासून आभार. काल वायरमनसमोर झाकण उघडले. फ्लँज पूर्ण कोरडा होता आणि पाणी फटीतूनच उतरत होते. फ्लँज काढल्यावर अ‍ॅनोडची फक्त मधली तार उरलेली दिसली. कांडीचा मागमूसही नव्हता. हमी दोन वर्षांपूर्वीच संपली आहे. वेल्डिंगचा विचार सोडून १५ लिटरचा गिझर घेण्याचे ठरवले आहे. भिंत जुन्या चिऱ्यांची आहे. जुनीच भोके वापरावीत का?

उत्तर (फोंडा, विद्युत कामाचा अनुभव)

वापरू नयेत. पाण्याने भरलेला १५ लिटरचा गिझरही वीस किलोंच्या वर जातो आणि ओल मुरलेला चिरा फास्टनरला नीट धरत नाही. जुनी भोके सिमेंटने बुजवा, कोरड्या चिऱ्यात नवी भोके पाडून लांब फास्टनर बसवा आणि गरम पाण्याच्या बाजूला सीपीव्हीसी (गरम पाणी सोसणाऱ्या प्लास्टिकचे) पाइपच घ्या. प्लग १६ अँपिअरचा हवा आणि अर्थिंग त्याच दिवशी तपासून घ्या, कारण ते बिघडले असेल तर नव्या गिझरचाही धोका तेवढाच राहील.